नुसतं कार्ड बदलून रेंडर पळत नाही, भिया

इंदूरच्या आपल्या कंपोझिटर (व्हिडिओचे थर एका चित्रात जोडणाऱ्या) मंडळींत एक मेसेज जोरात फिरतोय: 'न्यूक रडतंय? भारी ग्राफिक्स कार्ड घ्या, रॅम दुप्पट करा, ईएक्सआर कॉम्प्रेशनशिवाय काढा.' न्यूक म्हणजे आपलं कंपोझिटिंगचं सॉफ्टवेअर, ईएक्सआर म्हणजे फ्रेमची इमेज फाइल. तिन्हींत खर्च आहे. स्क्रिप्ट (न्यूकची प्रोजेक्ट फाइल) उघडून बघा असं मात्र कुठेच म्हटलेलं नाही.

कार्डाचं आधी. ग्रेड (रंग बदलणं), मर्ज (थर जोडणं), रोटो (आकार आखून वेगळा काढणं) असे न्यूकचे बहुतेक नोड, म्हणजे एकेक काम करणारे डबे, प्रोसेसरवर चालतात. कार्डाचा फायदा क्रोनॉस (शॉटचा वेग बदलणं), झेडडीफोकस (खोलीनुसार धूसर करणं), डीनॉइज (दाणे काढणं) अशा मोजक्यांना. २०२१ मध्ये न्यूक १३ सोबत आलेल्या कॉपीकॅटचं (नमुने बघून इफेक्ट शिकणाऱ्या नोडचं) ट्रेनिंग रोज करायचं असेल तर जरूर घ्या. कीइंग (हिरवा पडदा काढणं) आणि रोटोच करत असाल तर नवं कार्ड बघत बसेल, घाम प्रोसेसरच गाळेल.

मेसेजमध्ये नाव नसलेला खरा चोर म्हणजे बाउंडिंग बॉक्स, म्हणजे न्यूक ज्या चौकटीतले पिक्सेल मोजतं ती. व्ह्यूअरमधली ती तुटक रेघ बघा. कोपऱ्यातल्या एका ज्वाळेचा बॉक्स अख्ख्या ४०९६×२१६० चा असेल, तर पुढचा प्रत्येक ब्लर रिकाम्या पिक्सेलवरही राबतो. एका प्लेट पोह्यांसाठी लग्नाची कढई चढवावी तसं. त्यात मर्ज डीफॉल्टने दोन्ही इनपुटचे बॉक्स जोडून घेतो, म्हणजे एक बेशिस्त इनपुट पुरे. ज्वाळेसारख्या एलिमेंटनंतर लगेच क्रॉप (चौकट कापणारा नोड) लावा. हलणारं असेल तर कर्व्हटूलचा ऑटोक्रॉप आहे, तो चौकट दर फ्रेमला शोधतो. वेळ कुठला नोड खातोय हे परफॉर्मन्स टायमर्स दाखवतात. तेही नको असेल तर संशयित नोड निवडून 'डी' दाबा, तो बंद होतो; फरक लगेच कळतो.

कॉम्प्रेशन काढण्याचा सल्ला तर लहान स्टुडिओला उलटाच पडतो. ४०९६×२१६० ची आरजीबीए (चार चॅनल), हाफ-फ्लोट (१६ बिट) फ्रेम कॉम्प्रेशनशिवाय सुमारे ७० एमबीची. फाइल सर्व्हरवर असेल तर गिगाबिट नेटवर्क सेकंदाला फार तर १२५ एमबी देणार, म्हणजे एक फ्रेम यायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त. झिप कॉम्प्रेशनमध्ये फाइल लहान होते आणि पिक्सेल जसेच्या तसे राहतात. त्यातही एका स्कॅनलाइनचं (पिक्सेलच्या एका आडव्या ओळीचं) झिप घ्या. न्यूक ओळीओळीने वाचतं; १६ ओळींच्या झिपमध्ये एका ओळीसाठी सोळाही उलगडाव्या लागतात.

रॅम भरून मशीन तिचं काम डिस्कवर ढकलत (स्वॅप करत) असेल तर वाढवा. नसेल तर तिने रेंडर फारसं पळणार नाही.

एवढं करूनही पैसे खर्चायचेच असतील, तर मे महिन्यातल्या आपल्या उन्हाळ्याचा विचार करा. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. धूळ झाडलेलं केबिनेट आणि बरा कूलर कार्डापेक्षा खूप स्वस्तात येतो.