सात जागांचा संघ आणि माझ्या वर्गमित्रांची अमेरिका

दहावीच्या निकालात खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण चालू ठेवावेत की बंद करावेत, यावर आमच्या पुण्यातील शाळेच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटात निकालाच्या सुमारास हमखास वाद पेटतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून त्याला अधिकच धार चढली आहे. यंदा मात्र दोन्ही बाजूंनी साक्षीला अमेरिकेलाच उभे केले. ‘तिकडे गुणांचे आमिष दाखवावे लागत नाही, शाळेतच मैदान असते, प्रशिक्षक असतो आणि ज्याला खेळायचे आहे त्याला संघात घेतात,’ असे एकाने लिहिले. गुण बंद करा म्हणणाऱ्यांनी ते उचलून धरले, आणि गुण हवेत म्हणणाऱ्यांनी ‘आपल्याकडे तशी सोय नाही म्हणून तर गुण हवेत’ असे उत्तर दिले. संघात सर्वांना घेतात हे गृहीतक मात्र कोणीही तपासले नाही, आणि मला खरी चीड त्याची आली.

मी राहतो त्या अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात हायस्कूल टेनिसच्या लढतीत तीन सिंगल्स आणि दोन डबल्स असतात, म्हणजे एका शाळेच्या व्हर्सिटी, अर्थात मुख्य संघात प्रत्यक्ष खेळणारे सात जण. माझी मुलगी ज्या शाळेत जाते तिथे दोन हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत. मुलींचा हंगाम शरद ऋतूत आणि मुलांचा वसंतात असल्यामुळे मुलींच्या ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात होतात, आणि त्यांना चाळीसेक मुली तरी येतातच. आदल्या वर्षीच्या संघातील ज्या मुली अजून शाळेत आहेत त्यांच्या जागा जवळपास ठरलेल्या असतात, त्यामुळे खरी झुंज उरते ती दोन किंवा तीन जागांसाठी. बाकीच्यांसाठी ज्युनियर व्हर्सिटी हा दुय्यम संघ असतो, पण कोर्ट मोजके आणि प्रशिक्षक एक किंवा दोन, म्हणून तिथेही कात्री लागतेच.

या निवडीचा निकाल ट्रायआउटच्या आठवड्यात लागतो असे वाटत असेल, तर तेही खरे नाही. कोणत्या मुलीचा यूटीआर, म्हणजे सामन्यांच्या निकालांवरून ठरणारा खेळाचा दर्जांक, किती आहे हे प्रशिक्षकाच्या आधी इतर पालकांना ठाऊक असते. पहिल्या दिवशी फोरहँड-बॅकहँड पाहतात, मग आपापसांत सामने लावतात, पण ज्या मुली आठव्या वर्षापासून अकादमीत जात आहेत आणि बाहेर बर्फ साचलेले असतानाही हवा भरलेल्या घुमटाखालच्या कोर्टवर आठवड्यातून तीनदा खेळत आहेत, त्यांच्यासमोर शाळेच्या जिममध्ये हौसेने रॅकेट धरलेली मुलगी दोन गेमही घेऊ शकत नाही. खासगी प्रशिक्षकाचा तासाचा दर शंभर डॉलरच्या आसपास असतो, आणि इनडोअर कोर्टचे भाडे पुष्कळदा त्याहून वेगळे. शाळेचा प्रशिक्षक हा बहुधा इतिहासाचा किंवा गणिताचा शिक्षक असतो; दोन-सव्वादोन महिन्यांच्या हंगामात तो कोणाला सर्व्हिस शिकवत बसत नाही, आणि त्याने तसे करावे अशी अपेक्षाही नसते. शाळा टेनिस शिकवत नाही, शिकून आलेल्यांतून निवड करते. पुण्यात अकरावीच्या पहिल्या दिवसापासून खासगी क्लासमध्ये जाणाऱ्या आणि महाविद्यालयात केवळ हजेरीपुरते उगवणाऱ्या मुलांच्या पालकांना ही व्यवस्था ओळखीची वाटायला हरकत नाही.

आता मित्राच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत हायस्कूल टेनिस खेळणारी मुलेमुली तीन लाखांहून अधिक आहेत, आणि ती सारी काही अकादमीतून आलेली नाहीत. लहान गावांतील कित्येक शाळांत संघ पुरा करतानाच प्रशिक्षकाची दमछाक होते. कोणालाही न वगळण्याचे धोरण पाळणाऱ्या शाळाही आहेत, आणि राष्ट्रीय टेनिस संघटना अशा प्रशिक्षकांना प्रोत्साहन देते. तेव्हा ‘खेळायचे आहे त्याला घेतात’ हे वाक्य कुठे ना कुठे खरे आहे. पण आपली माणसे तिथे राहत नाहीत. आपण शाळेचे मानांकन पाहून घर घेतो, एडिसन, प्लेन्सबरो, ब्रिजवॉटर अशा ठिकाणी एकमेकांच्या शेजारी गर्दी करतो, आणि मग संघाच्या यादीत रेड्डी, पटेल, चेन आणि कुलकर्णी यांच्यातच सात जागांची वाटणी झाली की स्पर्धा फार वाढली म्हणून गणपतीच्या कार्यक्रमात हळहळतो.

ही धडपड कशासाठी, हेही गटातील कोणी विचारले नाही. विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी म्हणावे, तर 2025 पर्यंत आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धांच्या पहिल्या श्रेणीतील विद्यापीठाला पुरुषांच्या टेनिससाठी जास्तीत जास्त साडेचार आणि महिलांच्या टेनिससाठी आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी परदेशी खेळाडूंकडे जात. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक घेऊन आली. अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. दोघेही अमेरिकेच्या विद्यापीठात पोहोचले ते भारतातल्या कोर्टांवर घडून, इथल्या हायस्कूलच्या संघातून नव्हे. उलट इथली खरोखर वरच्या दर्जाची मुले पुष्कळदा शाळेच्या संघाकडे फिरकतच नाहीत, कारण ते दोन महिने त्यांना बाहेरच्या स्पर्धांसाठी हवे असतात. म्हणजे ज्यांना टेनिसमध्ये पुढे जायचे नाही अशा मुलांचे पालक प्रवेशअर्जातील एका ओळीसाठी वर्षाला हजारो डॉलर मोजतात, आणि त्या पालकांत मीही आहे.

हे सारे मी गटात सविस्तर लिहिले, तेव्हा दुसऱ्या एका मित्राने ‘म्हणजे इकडून तिकडून सगळे सारखेच’ असा निष्कर्ष काढला, आणि मला त्याचा आधीच्या मित्रापेक्षाही जास्त राग आला. सगळे सारखे मुळीच नाही. इथे तिसऱ्या सिंगल्सची जागा हवी असेल तर त्या जागेवरच्या मुलीला आव्हान देऊन सर्वांदेखत हरवावे लागते. ते काम कोणाच्या शिक्क्याने आणि सहीने होत नाही. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 1972 च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलांचा संघ चालवणाऱ्या शाळेला मुलींकडे पाठ फिरवता येत नाही. काउंटीच्या बागेतील कोर्टवर (अलीकडे त्यावर पिकलबॉल या दुसऱ्या खेळाच्या रेघा मारून ठेवल्या आहेत, ते सोडा) संध्याकाळी कोणीही जाऊन खेळू शकतो. पुण्यात डेक्कन जिमखाना किंवा पीवायसी अशा क्लबचे सदस्यत्व घरात नसेल, तर महापालिकेच्या शाळेतील मुलगी टेनिसच्या कोर्टवर पाय तरी कधी ठेवणार? आणि ज्या खेळाच्या जिल्हा स्पर्धेला प्रवेशिकाच मोजक्या येतात, तिथे एक-दोन सामने जिंकून विभागीय पातळी गाठणाऱ्याला गुण मिळावेत का, यावर बोलण्याआधी त्या प्रवेशिका मोजक्या का येतात यावर बोलायला नको का?

माझ्या या पोटतिडकीचे कारण केवळ टेनिस नाही, हे मला कळते. अमेरिकेची स्तुती झाली की मला इथले पालक, इथले खर्च आणि इथली चढाओढ आठवते. अमेरिकेला नावे ठेवली की मी तिचा वकील होतो, आणि पुण्याच्या बाबतीतही माझे नेमके हेच होते. मुलीला मात्र यातले काही जाणवत नाही. तिला दुसऱ्या डबल्समध्ये जागा मिळाली, तिची जोडीदार तमिळ आहे, बसमध्ये त्या दोघी इंग्रजीत हसतात-खिदळतात आणि पुण्यातल्या वादात आपला दाखला दिला गेला आहे याचा तिला पत्ताही नाही. ती इथली आहे, त्यासाठी तिला कोणाला हरवावे लागलेले नाही. माझी जागा कुठली हे मला अजून दर निकालाच्या सुमारास त्या गटात भांडून ठरवावे लागते, आणि तिथेही मला ‘तुम्ही तिकडचे’ असेच म्हणतात.

शेवटी एकाने सरळ विचारले की गुण ठेवावेत की काढावेत, एवढेच सांग. मी लिहिले की ठेवावेत. मात्र किमान किती सामने खेळले याची अट घालावी, प्रत्येक सामन्याचा निकाल त्याच दिवशी नावांसह जाहीर करावा, आणि प्रत्येक तालुक्यात निदान दोन कोर्ट सर्वांसाठी खुले करावेत. त्यावर त्याने उत्तर दिले की इतके सगळे करायचे, तर मग गुणांची गरजच काय.