तोंडात बोळा आणि एक मत

काल सकाळी अकरा वाजता माझी खालची उजवी दाढ काढण्यात आली. दाढेबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल. ‘बोळा घट्ट चावून धरा, थुंकू नका आणि अजिबात बोलू नका,’ असे बजावून मला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आले, आणि नेमके त्याच बाकावर दोन मुले व्हॉयव्हॉड या कॅनडातल्या हेवी मेटल बँडवरून वाद घालत होती.

ग्वाल्हेरमध्ये, लष्कर भागातल्या एका दवाखान्यात, मराठीतून, व्हॉयव्हॉड! १९९१ साली मुंबईच्या मावसभावाने दिलेला त्यांचा अल्बम मी आईच्या हरिपाठाच्या कॅसेटवर उतरवून घेतला (ती मला अजून ऐकवते), तेव्हापासून या शहरात दुसऱ्या कोणाच्या तोंडून हे नाव ऐकू यावे म्हणून मी थांबलो होतो. ते आले तेव्हा माझे स्वतःचे तोंड लिग्नोकेनने बधिर झालेले होते.

मुलांनी एका कागदाच्या पाठीवर तीन दिवसांच्या काल्पनिक मेटल महोत्सवाची यादी केली होती. मोठी नावे वादाशिवाय बसली होती, कारण मोठ्या नावांना कोणी काही विचारत नाही. भांडण या एका बँडवरून होते. अक्कलदाढेने गाल सुजलेला मुलगा त्यांच्या बाजूने होता आणि त्याला सोबत म्हणून आलेला मित्र विरोधात.

‘यांच्या गाण्यात लय मध्येच मोडते,’ मित्र म्हणाला. ‘मान हलवायची तरी कशी? आणि दहा हजार माणसांनी एका सुरात ओरडावे असे ध्रुवपद कुठे आहे?’

आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण समर्थकाने त्यावर जे उत्तर दिले, त्याने माझ्या हिरडीतली कळ परत आली. ‘अरे, मेटालिकासारख्या बड्या बँडचा न्यूस्टेड यांच्यात होता, म्हणून तर यांचे नाव झाले. बाकी पिगी गेल्यावर बँड संपलाच.’

असे समर्थक असले की विरोधकांची गरज उरत नाही. क्वेबेक प्रांतातल्या जाँकियेर गावात १९८२ साली निघालेल्या या बँडमध्ये न्यूस्टेड आला तो २००२ साली, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी. गिटारवादक पिगी २००५ मध्ये कर्करोगाने गेला हे खरे. पण जाताना तो आपल्या लॅपटॉपमध्ये गिटारचे तुकडे ध्वनिमुद्रित करून ठेवून गेला होता, आणि उरलेल्यांनी त्यांवर २००६ आणि २००९ असे दोन अल्बम उभे केले. पुढे नवा गिटारवादक घेऊन त्यांनी २०१९ मध्ये कॅनडाचा जूनो पुरस्कारही मिळवला. हे सगळे सनावळीसह माझ्या जिभेवर होते, आणि जीभ बोळ्यामागे अडकलेली होती.

अखेर मित्राने मोठ्या मनाने तडजोड सुचवली. ‘ठेवू या दुपारी अडीचला. खालच्या ओळीत.’

या खालच्या ओळीविषयी मला फार दिवसांपासून बोलायचे आहे. महोत्सवाचे पोस्टर आणि आपली लग्नपत्रिका यांत तत्त्वतः फरक नाही. वर देवाची आणि वधूवरांची नावे टपोऱ्या अक्षरांत असतात, मग अक्षरे बारीक होत जातात आणि सगळ्यांत शेवटी ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली येतात. फरक एवढाच, की पत्रिकेतली चिल्लीपिल्ली पुढेमागे मोठी होऊन वरच्या ओळीत जातात. चाळीस वर्षे वाजवणाऱ्या माणसांना मात्र चिमुकल्यांच्या रांगेत बसवून रणरणत्या उन्हात, जेवणाच्या रांगेकडे निघालेल्या पाठींसमोर उभे करतात, आणि वर म्हणतात की यांना प्रतिसाद मिळत नाही.

‘दुपारी अडीचला सारंग शोभतो,’ समोरच्या खुर्चीतून आवाज आला. ‘हे लोक सारंग गातात का?’

कवळीच्या मापासाठी आलेले ते गृहस्थ निवृत्त संगीतशिक्षक होते. युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला संगीतनगरी ठरवल्यापासून येथे कोणाचाही संगीतविषयक सल्ला टाळता येत नाही. त्यातून गुरुजी चाळीस वर्षे तानसेन समारोहाला पहिल्या रांगेत बसलेले. त्यांनी चौकशी पद्धतशीर सुरू केली.

‘घराणं कोणतं?’

‘थ्रॅश, गुरुजी, मेटलमधलं वेगवान. पण त्यात प्रोग, ते गुंतागुंतीचं रॉक, मिसळलेलं आहे,’ सुजलेला गाल म्हणाला.

‘म्हणजे जोडराग. शिष्य कोणाचे?’

‘स्वतःच शिकले.’

‘मग अवघड आहे,’ गुरुजी म्हणाले. त्यांनी इअरफोन मागवून घेतला, उपरण्याने पुसून कानात घातला, डोळे मिटले आणि मांडीवर मात्रा मोजू लागले. तीनदा चुकले, तीनदा पुन्हा सुरुवात केली. कंपाउंडर जागचाही न हलता पाहत राहिला. चार मिनिटांनी डोळे उघडून ते म्हणाले, ‘विवादी स्वर लावतात. पण चुकून लागलेला नाही, समजून लावलेला आहे. फरक असतो.’

पिगीच्या त्या कर्कश, तिरप्या स्वरमेळांविषयी याहून नेमके वाक्य मी आजवर ऐकलेले नाही. मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले. एवढ्यात ते पुढे म्हणाले, ‘तरीही घेऊ नका. पुढच्याची सभा बिघडते.’

मते एकास एक झाली. गुरुजींनी स्वतःला अध्यक्ष नेमून घेतल्यामुळे त्यांना मत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘आपलं काय मत?’

मी दोन्ही हात जोराने हलवले. मला म्हणायचे होते की दुपारी नको, रात्री ठेवा. ‘नको म्हणतायत,’ गुरुजींनी जाहीर केले. मी ‘ऊं, ऊं’ करून मान हलवली, तेव्हा नकार अधिक ठाम झाला. शेवटी मी औषधाच्या चिठ्ठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘रात्री. सगळ्यांत शेवटी. पाऊण तास.’ चष्मा कपाळावर सरकवून गुरुजींनी चिठ्ठी दूर धरली, मोठ्याने वाचली आणि ममतेने मला परत दिली. ‘गोळी रात्री घ्यायची आहे, सगळ्यांत शेवटी, जेवणानंतर पाऊण तासाने. सांभाळून ठेवा. आणि बधिरपणा उतरला की तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चावा. वाचेला चांगला.’

मित्राने माझ्या डोळ्यांदेखत ते नाव खोडले. एकावन्न वर्षांच्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाचे ‘ऊं’ हे मेटलच्या विरोधातलेच असणार, याबद्दल दोघांपैकी एकालाही शंका आली नाही, हे मला दाढेपेक्षा जास्त लागले. विचारायचे तरी, की काका, तुम्ही ऐकलंय का? २००७ साली आयर्न मेडन बंगळुरूला आले तेव्हा मी जिवंत मावशीच्या दिवसकार्याची रजा काढून गेलो होतो!

इतक्यात अक्कलदाढेला आत बोलावले आणि मित्रही मागोमाग गेला. यादी बाकावरच राहिली. मी इकडेतिकडे पाहिले, खोडलेले नाव दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला टपोऱ्या अक्षरांत लिहिले, आणि मग तिथे ठेवायचा भरवसा वाटेना म्हणून कागद घडी करून खिशात घातला.

संध्याकाळी जीभ जागेवर आल्यावर मी हे सगळे बायकोला सनावळीसह ऐकवले. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, ‘खिचडी पातळ करू की मिक्सरमधून काढू?’

कागद आज सकाळी उलटून पाहिला, तर मागे त्या मुलाच्या क्ष-किरण तपासणीची पावती आहे. ती परत करायला हवी. बुधवारी मला टाके काढायला जायचेच आहे.