‘ऊप्सच्या चार व्याख्या पाठ करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी रात्री भाचीचा फोन आला. बीकॉम करून ती यंदा एमसीएच्या पहिल्या वर्षाला गेली आहे. "मामा, उद्याच्या प्रॅक्टिकलला नाही गेले तर चालेल का? ऊप्स आता कोणी वापरत नाही म्हणे." पाठोपाठ तिने मेसेज पाठवला. तोच दोन दिवसांपूर्वी आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर आला होता आणि मी सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

मेसेजचं म्हणणं असं: ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजेच ऊप्स, मेलं; गो आणि रस्ट या भाषांनी ते टाकून दिलं. पायथनला, डेटा सायन्सला ते लागत नाही. कोड आता एआय लिहितं. आणि ज्यांचं ग्रॅज्युएशन कॉम्प्युटरचं नाही त्यांच्या डोक्यात हा विषय शिरतच नाही, त्यांनी चार व्याख्या पाठ करून पेपर काढावा.

हे शेवटचं आधी घेतो, कारण पोरीने सोमवार बुडवायचं ठरवलं ते यामुळे.

हा विषय ज्यांनी जन्माला घातला ते कुठून आले होते? क्रिस्टेन निगार्ड गणिताचे, काम ऑपरेशन्स रिसर्चमधलं, म्हणजे गणित वापरून कामांचं नियोजन करण्याचं. प्रत्यक्षातल्या व्यवस्था संगणकावर चालवून पाहायच्या होत्या म्हणून त्यांनी ओले-योहान डाल यांच्याबरोबर ओस्लोत सिम्युला ही भाषा घडवली. क्लास (साचा), ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडलेली वस्तू), इनहेरिटन्स (एका क्लासचं दुसऱ्याला वारशाने मिळणं) हे सगळं सिम्युला ६७ मध्ये आहे, आणि दोघांना त्यासाठी संगणकशास्त्रातला २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. स्मॉलटॉक या भाषेवाले अ‍ॅलन के गणित आणि मॉलिक्युलर बायॉलॉजी शिकलेले. ऑब्जेक्ट म्हणजे एकमेकींना निरोप धाडणाऱ्या पेशी, अशी त्यांची कल्पना होती. मग बीकॉमवालीला हे झेपणार नाही, असं कोणत्या तोंडाने सांगता?

उलट तिला आधीपासून येतं. खात्यातली शिल्लक कोणी खोडून नवी लिहीत नाही. व्हाउचर लागतं, नोंद होते, आणि नोंदीतून शिल्लक बदलते. चूक झाली तरी उलटी नोंद करायची. शिल्लक प्रायव्हेट (बाहेरून हात न लागणारी) ठेवायची आणि ती मेथडमधूनच (क्लासने ठरवून दिलेल्या कामातूनच) बदलायची, म्हणजे दुसरं काय? हे तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "मग आमच्या पुस्तकात असं का नाही लिहिलं?"

व्याख्या तिला पाठ होतीच. ‘डेटा आणि मेथड एकत्र बांधणे म्हणजे एन्कॅप्सुलेशन.’ तरी तिच्या मेसकार्डच्या प्रोग्रॅममध्ये उरलेली जेवणं उणे दोन दाखवत होती. शिल्लक पब्लिक (कुठूनही बदलता येणारी) होती आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून वजा होत होती. शून्याची तपासणी त्यातल्या एकाच ठिकाणी. व्याख्या पाठ असून हे घडतं, कारण व्याख्येत चूक पकडायची सोय नसते. ती प्रॅक्टिकलला बसून, प्रोग्रॅम मोडून, पुन्हा जोडूनच हाताला लागते.

तिची दुसरी चूक जास्त शिकवणारी. पाहुण्यांचं एकवेळचं कूपन तिने महिन्याच्या कार्डाचं सबक्लास (त्याच्या सगळ्या मेथड वारशाने घेणारा क्लास) केलं होतं. दोन्हींवर जेवण नोंदवायचं असतं, म्हणून. झालं काय, कूपनलाही ‘नूतनीकरण’ ही मेथड आली. पाहुण्याचं कूपन पुढच्या महिन्यासाठी वाढवता येऊ लागलं!

यात तिला लाजण्यासारखं काही नाही. खुद्द जावा या भाषेच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) स्टॅक (ताटांच्या चळतीसारखी रचना) हा क्लास व्हेक्टरचं (क्रमवार यादीचं) सबक्लास आहे. स्टॅकमध्ये घालणं-काढणं फक्त वरून व्हायला हवं. पण व्हेक्टरकडून आलेल्या मेथडमुळे मधेच काहीही घुसवता येतं. आज जावाचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच सांगतं की स्टॅकऐवजी डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरा. क्लास मात्र काढता येत नाही, तो पहिल्या आवृत्तीपासूनचा, त्यावर जुने प्रोग्रॅम उभे आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने हे एक पान जरी उघडून वाचलं असतं, तरी ‘व्याख्या पुरे’ असं लिहायला त्याचा हात धजावला नसता.

आता ‘मेलं’ हा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. गो आणि रस्टमध्ये क्लासचा इनहेरिटन्स नाही. पण दोन्हींत टाइपला मेथड जोडता येतात, आतला डेटा बाहेरच्यांपासून झाकता येतो, गोमध्ये इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात याची यादी) आहेत, रस्टमध्ये त्याच कामाचे ट्रेट. टाकलं ते नेमकं तेच, ज्याने वर स्टॅकचा घोळ केला. आणि हेही मान्य, की अनेक ठिकाणी सेमिस्टरचा मोठा भाग इनहेरिटन्सच्या ‘कुत्रा हा प्राणी आहे’ या ठरलेल्या उदाहरणातच जातो. ती तक्रार शिकवण्याबद्दल आहे. ती जोरात करा, मीही सही करतो.

पायथनचं तर बोलायलाच नको. तिथे ५ हा आकडासुद्धा ऑब्जेक्ट आहे. सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीत एक मॉडेल काढून दुसरं बसवलं तरी बाकीचा कोड बहुतेक तसाच चालतो, कारण दोघांनाही फिट (डेटावरून शिक) आणि प्रेडिक्ट (अंदाज सांग) या मेथड कळतात.

एआय कोड लिहितं, खरं आहे. मीही रोज लिहून घेतो. पण कूपनला नूतनीकरणाची मेथड का नको, हे त्याला सांगायला मेस कशी चालते ते माहीत लागतं, आणि त्याने दिलेल्या कोडमध्ये ती आली आहे का हे बघायला क्लास वाचता यावा लागतो.

सोमवारी ती प्रॅक्टिकलला गेली. कूपन आणि कार्ड वेगळे केलेत, दोघांना एकच इंटरफेस दिलाय: ‘जेवण नोंदव’. संध्याकाळी तिने स्क्रीनशॉट पाठवला. शिल्लक शून्यावर थांबते आहे.