विहिरीच्या काठावर उघडता येईल अशी पुस्तिका हवी

प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणि आरोग्य सेवकांसाठी तयार होत असलेल्या एका हस्तपुस्तिकेचा मसुदा गेल्या आठवड्यात अभिप्रायासाठी माझ्याकडे आला. त्यात लंडनमधील १८५४ ची पटकीची (कॉलऱ्याची) साथ आणि ती पाण्यातून पसरते हे दाखवणारा डॉ. जॉन स्नो यांचा नकाशा यांना चार पाने आहेत, तर ‘विहिरीच्या पाण्याचे शुद्धीकरण करावे’ या विषयाला नेमकी एवढीच ओळ आहे.

शुद्धीकरण करावे म्हणजे काय करावे, हे त्या ओळीत नाही. विहिरीचा व्यास चार मीटर आणि पाण्याची खोली तीन मीटर असेल, तर पाणी साधारण ३८ हजार लिटर भरते आणि हजार लिटरला अडीच ग्रॅम या नेहमीच्या हिशेबाने सुमारे ९५ ग्रॅम टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागते. मात्र हा हिशेब ताज्या, सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचा आहे. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडे टाकलेल्या, ओल लागून गठ्ठे झालेल्या पोत्यातली पावडर वजनाला तेवढीच भरली, तरी तिच्यात दम उरलेला नसतो. म्हणून तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची ऑर्थोटोलिडीन द्रावणाने चाचणी, करायची. पाण्याच्या नमुन्यात हे द्रावण टाकल्यावर उमटणारा पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांतच वाचायचा, कारण नंतर गडद होणाऱ्या रंगात संयुक्त, म्हणजे इतर पदार्थांशी जोडला जाऊन कमकुवत झालेला, क्लोरीनही मोजला जातो आणि आपली फसगत होते. ही दहा सेकंदांची गोष्ट मला कोणत्याही वर्गात नव्हे, तर एका जुन्या आरोग्य सहायकांनी विहिरीच्या कठड्यावर बसून सांगितली.

काविळीबाबत तर मी स्वतःच चुकलो आहे. एका गावात रुग्ण वाढू लागले तेव्हा पाण्याचा नमुना तपासला, तो पिण्यायोग्य आला आणि मी सरपंचांना निर्धास्त केले. दूषित पाण्यातून कावीळ पसरवणाऱ्या हिपॅटायटिस ई च्या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, हे मला पाठ होते. तरीही आजचे पाणी महिन्यापूर्वीच्या पाण्याची साक्ष देत नाही, हे त्या दिवशी सुचले नाही. गटाराजवळ फुटलेली आणि मधल्या काळात दुरुस्त झालेली जलवाहिनी शेवटी आशाताईंनी दाखवली. ‘मागच्या दोन महिन्यांत पाइप कुठे फुटला होता?’ हा प्रश्न पुस्तिकेत ठळक अक्षरांत असता, तर माझे चार दिवस वाचले असते.

साप्ताहिक अहवालांचे नमुने, पोर्टलवरील नोंदी वगैरे भाग मसुद्यात व्यवस्थित आहे. त्याबद्दल तक्रार नाही. भाषा मात्र शासन निर्णयाची आहे. ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी’ हे वाक्य मी अकरा ठिकाणी अधोरेखित केले असून, ती कार्यवाही कोणी, कधी आणि कशाने करायची हे प्रत्येक ठिकाणी लिहावे, असे सुचवले आहे.

मसुदा काल परत पाठवला. विहिरीच्या त्या एका ओळीच्या जागी दोन पाने लिहून जोडली आहेत आणि जागा अपुरी पडल्यास लंडनची दोन पाने कमी करावीत, असे समासात नमूद केले आहे.