१२० दिवसांत पूल नव्हे, कागद

‘२००९च्या मंदीत ओबामांनी पैसा ओतला आणि अमेरिकेतल्या राज्यांनी १२० दिवसांत रस्ते-पूल उभे केले. मिझुरी राज्यात तर कायद्यावर सही होताच पुलाचं काम सुरू. पर्यावरणाचे नियम बाजूला ठेवले. पैसा आणि इच्छाशक्ती, बस्स! आपल्याकडे नुसते नारळ फुटतात.’ हा मजकूर मला आठवडाभरात तीन ग्रुपवर आला, त्यातला एक खुद्द मेहुण्याकडून. त्या काळात मी तिकडे रस्त्यांच्याच कामांवर होतो, म्हणून हे लिहितोय.

आधी ते १२० दिवस. मंदीवर उतारा म्हणून आणलेल्या खर्चाच्या कायद्यावर ओबामांची सही झाली १७ फेब्रुवारी २००९ला. महामार्गांसाठी २७ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम होती. मार्चच्या सुरुवातीला तिचं वाटप झालं आणि तिथून १२० दिवसांत राज्य सरकारांनी आपल्या अखत्यारीतला निम्मा निधी ठरावीक कामांच्या नावे केंद्राकडून मंजूर करून घ्यायचा होता. नाही जमलं, तर तो दुसऱ्या राज्याला जाणार. सगळ्या राज्यांनी मुदत पाळली, त्याचं कौतुक आहेच. पण मुदत मंजुरीची होती, बांधकामाची नव्हे. तो दिवस उजाडला तेव्हा कित्येक साइटवर बॅरिकेडसुद्धा लागलं नव्हतं.

आणि उभं काय केलं? मुख्यतः डांबर. सर्वांत मोठा वाटा रस्त्यांच्या पृष्ठभागाच्या कामांना गेला. रात्री लेन बंद करायची, मिलिंग मशीन जुना थर खरवडून पुढच्या ट्रकमध्ये टाकत जाणार, मागे नवा थर पसरणारं पेव्हर, त्याच्यामागे रोलर. उजाडायच्या आत रस्ता खुला. भूसंपादन नाही, जलवाहिनी हलवायची नाही. घड्याळ लावून बसवलं की कुठलाही इंजिनिअर हीच फाइल आधी काढेल. मीही काढली.

पर्यावरणाचे नियम बाजूला ठेवले, हे तर सरळ खोटं. कायदा तोच होता. आहे त्याच रस्त्यावर डांबर टाकायचं असल्याने बहुतेक कामं सविस्तर अभ्यासातून सूट असलेल्या वर्गात बसली, आणि ती सूट २००९च्या आधीपासूनची.

पोस्टमधला मिझुरीचा पूल मात्र खरा आहे. सही झाल्यावर काही मिनिटांतच टस्कंबियाजवळ ओसेज नदीवर काम सुरू झालं. पण काही मिनिटांत नकाशे होत नाहीत की टेंडर निघत नाही. ते सगळं आधी झालेलं होतं, अडलं होतं ते फक्त पैशावाचून. त्यात मंदीमुळे ठेकेदार रिकामे, त्यामुळे ठिकठिकाणी टेंडरं अंदाजापेक्षा बऱ्याच कमी दरात गेली आणि वाचलेल्या पैशात आणखी कामं बसली. हा भाग पोस्टवाल्याने का सोडला कळत नाही, त्याच्या बाजूचाच होता.

राहिली इच्छाशक्ती. ती कॅलिफोर्नियाच्या वेगवान रेल्वेकडेही होती आणि याच कायद्यातले दोन अब्जांहून जास्त डॉलरही. फ्रेस्नोला भूमिपूजनाचा समारंभ व्हायला २०१५चा जानेवारी उजाडला, पुढे एकेका जमिनीच्या तुकड्यावर काम अडत राहिलं. आज इतक्या वर्षांनीही त्या गाडीत एक प्रवासी बसलेला नाही. खुद्द ओबामांनीच २०११मध्ये हसत कबूल केलं होतं की फावडं मारायला तयार म्हटलेली कामं वाटली तेवढी तयार नव्हती.

मेहुण्याचा शेवटचा प्रश्न होता, ‘मग या पैशातून मोठं काही झालंच नाही का?’ झालं ना. कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडजवळचा कॅल्डेकॉट बोगदा घ्या, त्याची चौथी नळी. आराखडा हातात, निधीअभावी अडकलेली. या पैशाने तिला हात दिला. पहिली गाडी त्यातून गेली नोव्हेंबर २०१३मध्ये. सहीपासून मोजलं तर चार वर्षं नऊ महिने.