नायट्रससाठी बोअर ७६ करा म्हणे! लाइनरचं काय मग?

माझ्या भाच्यानं स्विफ्टचा के-१२ ब्लॉक बोअरिंगला टाकायचं ठरवलंय, आणि का, तर व्हॉट्सॲपवर फिरतोय तो "नायट्रस बिल्डचे गोल्डन रूल्स" मेसेज. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात म्हणणं असं की सीसी वाढवा, नायट्रस (जास्त पॉवरसाठी इंजिनात फवारतात तो नायट्रस ऑक्साइड गॅस) तेवढी जास्त पॉवर देईल. त्यासाठी बोअर (सिलेंडरचा व्यास) ७३ मिलिमीटरचा ७६ करा, लाइनर (सिलेंडरची आतली भिंत) पातळ झाला तरी फिकीर नको कारण नायट्रस थंड असतो. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) पण वाढवा. मोठ्या बोअरमध्ये मोठे इनटेक व्हॉल्व्ह बसतात. आणि लाँग स्ट्रोक झाला की टॉर्क खालीच मिळतो म्हणून नायट्रसचं बटण २५०० आरपीएमलाच दाबा. खाली "फॉरवर्ड करा, एखाद्या भावाचं इंजिन वाचेल". वाचेल? डोंबल!

सीसीचं आधी उरकतो. नायट्रसची पॉवर जेट (गॅस जातो ती छोट्या भोकाची नोझल) ठरवतो, सीसी नाही. ५० एचपीचा जेट लावला की तो १००० सीसीवर पण साधारण ५० देतो आणि २००० सीसीवर पण साधारण ५०च, कारण जेटमधून सेकंदाला किती गॅस जाणार ते बाटलीचं प्रेशर आणि भोक ठरवतं. आता हिशोब करा. ७३ चा बोअर, ७१.५ चा स्ट्रोक, चार सिलेंडर म्हणजे ११९७ सीसी. बोअर ७६ केला की १२९७. शंभर सीसी वाढली, म्हणजे ८५ एचपीच्या इंजिनला सगळं जमून आलं तर सात-एक एचपी. तेवढे जेट एक नंबर मोठा लावून मिळतात की, ब्लॉक कशाला कापायचा?

आता ते "थंड"चं. यावर माझं डोकं खरंच फिरलं, कारण यातला अर्धा भाग खरा आहे आणि म्हणूनच पोरं फसतात. नायट्रस द्रव असतो, उणे ८८ डिग्रीला उकळतो, तो इनटेकमध्ये फवारला की हवा गार होते, मान्य. पण ते इनटेकमध्ये. सिलेंडरच्या आत साधारण ३०० डिग्रीच्या पुढे त्याचा रेणू फुटतो, फुटताना स्वतःच उष्णता सोडतो आणि ऑक्सिजन मोकळा करतो. हवेत वजनानं २३ टक्के ऑक्सिजन, नायट्रसमध्ये ३६. तेवढ्याच जागेत तेवढ्याच वेळात जास्त पेट्रोल जळणार, मग ती उष्णता जाणार कुठे? पिस्टनच्या डोक्यात, रिंगांमध्ये आणि तुम्ही जी पातळ करून ठेवली त्याच भिंतीत. बोअर ३ मिलीनं वाढला की प्रत्येक भिंत दीड मिलीनं कमी होते आणि दोन सिलेंडरमधली जागा पूर्ण ३ मिलीनं, कारण सिलेंडरची सेंटर काही हलत नाहीत. हेड गॅस्केट नेमकी तिथेच जाते. पातळ भिंत लगेच तडकेलच असं नाही, आधी ती गोल राहत नाही, रिंग नीट बसत नाहीत, ब्लो-बाय (रिंगांच्या कडेनं खाली गळणारा गॅस) वाढतो आणि आपले लोक म्हणतात "नायट्रसनं इंजिन खाल्लं". शिवाय क्षेत्रफळ वाढलं म्हणजे जोरही वाढला, १०० बार प्रेशर धरलं तर एका पिस्टनवरचा भार सव्वाचार टनांवरून साडेचारच्या पुढे जातो, आणि तो सगळा त्याच जुन्या कनेक्टिंग रॉडवर. मोठ्या बोअरमध्ये फ्लेमला जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे नॉकिंगचा (उरलेलं पेट्रोल आपोआप भडकण्याचा) धोकाही वाढतोच.

स्ट्रोक. ७१.५ चा ७८ करायचा तर क्रँकपिन (क्रँकवर रॉड बसतो ती जागा) वेल्ड करून ऑफसेट ग्राइंड, म्हणजे बाजूला सरकवून घासायची, ठीक आहे, करणारे कारागीर आहेत. पण रॉड आणि ब्लॉक तेच ठेवले तर पिस्टन सव्वातीन मिली जास्त वर येणार, म्हणजे गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) तेवढी वर सरकवलेला पिस्टन लागणार, म्हणजे रिंगांना जागा कमी. नायट्रसच्या पिस्टनला नेमकं उलटं लागतं, डोकं जाड आणि वरची रिंग खाली! हेवूडचं इंजिनांवरचं पुस्तक मेकॅनिकलच्या पोरांना माहीत असेल, त्यात मीन पिस्टन स्पीडची (पिस्टनच्या सरासरी वेगाची) कमाल सेकंदाला ८ ते १५ मीटर दिलीय. मूळ स्ट्रोकला ६००० वर १४.३ येतो, ७८ ला ६५०० वर १६.९. स्टॉक रॉड घेऊन तिथे जायची हौस कुणाला आहे?

एक मात्र कबूल करतो, नाइलाजानं. स्ट्रोक जरा लांब असला म्हणून नायट्रसचं काही बिघडत नाही, कारण जेटची पॉवर आरपीएमवर अवलंबून नसते, इंजिन ९००० पर्यंत ओरडवायची गरज नाही. आणि मोठ्या बोअरमध्ये मोठा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसतो हेही खरं, जळालेला गॅस जास्त असतो त्यामुळे त्याचा उपयोग होतो. पण मेसेजवाल्यानं इनटेक व्हॉल्व्हचं गाणं गायलंय.

२५०० ला बटण दाबायचं म्हणजे तर कहर. पॉवर तीच आणि आरपीएम कमी, म्हणजे दर फेरीला सिलेंडरमध्ये जास्त नायट्रस. ५० एचपी ५००० वर म्हणजे ७१ न्यूटन मीटर वाढीव, तेच २५०० वर १४२. या इंजिनचा स्वतःचा टॉर्क ११४च्या आसपास! कनेक्टिंग रॉडचं धनुष्य करायचं असेल तर जरूर दाबा.

भाच्याला सांगितलंय, बोअर ७३च ठेव, फक्त होनिंग (भिंत हलकी घासणं) कर, पैसे फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या, मजबूत) पिस्टनात घाल, रिंग गॅप (रिंगच्या टोकांमधली फट) पिस्टनवाल्यानं नायट्रससाठी दिलाय तेवढा ठेव, इग्निशन टायमिंग मागे घे आणि विंडो स्विच (ठरलेल्या आरपीएमच्या मध्येच नायट्रस सोडू देणारा) लाव, ३५०० च्या खाली आणि फुल थ्रॉटल नसताना सोलेनॉइड (गॅसची विजेवरची झडप) उघडताच कामा नये. आणि बोअर वाढवायचाच असेल तर आधी ब्लॉकची सोनिक टेस्ट (ध्वनिलहरींनी जाडी मोजणं) करून भिंत किती मिली आहे ते कागदावर घे. आरसीवर सीसी लिहिलेली असते, गाडीतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यामुळे असली गाडी ट्रेलरवरून ड्रॅग स्ट्रिपला न्यायची. बोअरिंगवाल्याला त्यानं ॲडव्हान्स दिलाय, तो परत मिळतो का बघतोय आता.