पठारावर सपाट जागा

आमच्या घरात तेल कधी कुणी मोजलेलं नाही. आई फोडणीत तेल घालते ते मनगटाच्या हिशेबाने आणि गेल्या पन्नास वर्षांत तिचं कधी चुकलेलं नाही. मग गाडीच्या इंजिनात तीन लिटर तेल घालणं ते काय एवढं, असं त्या रविवारी पोहे खाताना माझ्या मनात आलं. सगळा घोळ तिथे सुरू झाला.

निमित्त पुण्याच्या साडूचं. फोनवर सहज बोलून गेला, "ऑइल चेंज? ते मी घरीच करतो." त्याच्या घरी पार्किंग आहे, आमच्या घरी इंदूरच्या रामबागेतली गल्ली आहे, हा फरक तेव्हा लक्षात आला नाही.

गाडीची पुस्तिका उघडली. तेल किती, याचे तिथे तीन आकडे होते. फिल्टर न बदलता एक, फिल्टर बदलून दुसरा, पूर्ण इंजिन खोललं तर तिसरा. मला लागू होता मधला, 3.1 लिटर. दुकानात डबा मिळाला साडेतीन लिटरचा. या चारशे मिलीने पुढे माझे दोन दिवस खाल्ले.

बॉनेट उघडल्याचा आवाज झाला आणि समोरचे काका मफलर गुंडाळत हजर झाले. काका हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते. मिल 1991 साली बंद पडली, काकांमधला फिटर अजून शिफ्टवर आहे. त्यांनी डब्यातलं थेंबभर तेल चिमटीत चोळून पाहिलं.

"हे तेल आहे की रश्शावरची तर्री? पाण्यासारखं पातळ!"

मी आदल्या रात्री वाचलेलं सगळं ऐकवलं. डब्यावरच्या 5डब्ल्यू-30 मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. थंड इंजिन सुरू होताना तेल पातळ असलं तरच ते चटकन वरच्या भागांपर्यंत पोचतं. पुढचे 30 म्हणजे इंजिन तापल्यावरचा दाटपणा.

"इंदूरला कसली आलीय थंडी?" काका मफलर कानांवर ओढून म्हणाले.

बाकी त्यांचा धाक बरा होता. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरायचं नाही म्हणत त्यांनी कुठून तरी गाडीला खालून टेकू देणाऱ्या दोन लोखंडी घोड्या आणून लावल्या. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं, म्हणजे तेल कोमट होऊन धावतं. मग चेंबरचा बोल्ट, जुनं तेल खाली सोडायचा. हा बोल्ट आटे संपेपर्यंत अगदी सभ्यपणे फिरतो आणि शेवटच्या आट्याला घात करतो. मी टब बरोबर बोल्टाखाली ठेवला होता, पण तेल सरळ खाली पडत नाही हो! त्याची कमान होते. टबापलीकडे रस्त्यावर ताटाएवढं काळं थारोळं झालं.

2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिरवणाऱ्या शहराचा नागरिक मी. कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे करणारा. माझ्या दाराशी काळं तेल! धावत आत गेलो, देवघराखालचा रांगोळीचा डबा आणून थारोळ्यावर उपडा केला. रांगोळी तेल झकास शोषते. "आज कसला सण?" शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं. आमच्या सौभाग्यवतींनी दारातून डब्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. ते जास्त वाईट.

फिल्टरचं काम मात्र सुरेख झालं. रबराच्या कडेला नव्या तेलाचं बोट फिरवलं, हाताने टेकेपर्यंत आवळला, वर पाऊण फेरा. काकांचा हात पान्याकडे जात होता, तो दोनदा धरला. बोल्टाला नवा वायसर घातला, नरसाळं लावलं आणि पावणेतीन लिटरपर्यंत ओतून गेज काढलं.

गेज म्हणजे डिपस्टिक. टोकाशी दोन ठिपके. खालच्यापासून वरच्यापर्यंत साधारण लिटरभराचा फरक, आणि तो दाखवायला जागा फक्त दोन बोटं! पहिल्यांदा काढलेली पट्टी नेहमी खोटं बोलते. तिला पुसून, पार खालपर्यंत घालून, पुन्हा काढायचं. एवढं केलं. तेल खालच्या ठिपक्यापाशी होतं.

"कमी आहे," काका म्हणाले.

"एवढंसं उरवून डबा कशाला अडवायचा?" ओट्यावर शेंगा सोलत बसलेली आई म्हणाली.

लोणच्याच्या बरणीला हा न्याय लावत मी लहानाचा मोठा झालो आहे. सगळं ओतलं.

पुस्तिकेतली पुढची ओळ मग वाचली. ओतलेलं तेल खाली उतरायला वेळ लागतो. शिवाय इंजिन मिनिटभर चालवायचं, म्हणजे कोरा फिल्टर भरतो. मग पाच मिनिटं थांबून, गाडी सपाट जागेवर असताना पाहायचं. आम्ही घोड्या काढल्या, तसं सगळं केलं. तेल वरच्या ठिपक्याच्याही वर बोटभर!

"उतारामुळे," काका म्हणाले. आमची गल्ली कान्ह नदीकडे उतरते. गाडी फिरवून लावली. आता तेच तेल दोन ठिपक्यांच्या मध्ये! तोंड नदीकडे केलं की तेल जास्त, पाठ केली की बरोबर. काकांचं मत पडलं की गाडी कायम अशीच लावावी.

पण मी धसका घेतला होता. तेल फार वर गेलं तर खाली फिरणारा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, त्यात बुडतो आणि रवीसारखा घुसळायला लागतो. लोणी निघत नाही. निघतो फेस. पंप तो फेस ओढतो आणि तेलाऐवजी हवा पाठवतो. सील गळतात ते वेगळंच.

म्हणून दोघं सपाट जागा शोधायला निघालो. शाळेत घोकलं होतं की इंदूर माळव्याच्या पठारावर वसलं आहे आणि पठार म्हणजे उंचावरचा सपाट प्रदेश. ते लिहिणाऱ्याला रामबागेत गेज बघायची वेळ आली नसावी. देवळासमोर उतार, शाळेसमोर चढ. प्रत्येक खड्ड्यात मला खालून रवीचा आवाज येत होता. काका मागच्या सीटवर पाण्याची बाटली आडवी धरून पातळी सांगत होते. शेवटी सपाट जागा सापडली ती पेट्रोल पंपावर, हवेच्या मशीनजवळ. दहा मिनिटं थांबून पाहिलं. तेल जास्तच होतं. चारशे मिली, दुसरं काय!

ते काढायला काकांनी मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणली. गेजच्या भोकातून नळी आत. एका वेळी पन्नास मिली. आठ वेळा. गल्लीतली पोरं मोजत होती, पाचव्यानंतर एकाने विचारलं, "काका, गाडीला काय झालंय?"

जुनं तेल रिकाम्या डब्यात भरून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे दिलं. त्याच्याकडे जळक्या तेलाचा ड्रम असतो, तो पुढे पुनर्वापरासाठी जातो. डबा घेताना तो माझ्या शर्टाकडे बघून फक्त हसला.

सोमवारी पहाटे पुन्हा पंपावर. गाडी लावली, दहा मिनिटं घड्याळ लावून थांबलो. पंपावरचा पोरगा हुशारीने आला, "हवा, भिया?"

"नहीं, गेज देखना है."

त्याने सर्रकन पट्टी ओढली, अंधारात एकदा डोळ्यांपुढून फिरवली आणि परत खोचली. "बराबर है भिया, एकदम बराबर!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. मग त्यांनी शांतपणे मफलरखालून फडकं काढलं.